उंबऱ्यावरची गुरगुर

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतली रो-हाऊसं बाहेरून वेगवेगळ्या रंगांची असली तरी आतून बहुतेक सारखीच. पुढं लोखंडी फाटक, आत एक चारचाकी किंवा दोन दुचाक्या मावतील एवढं पार्किंग, दोन पायऱ्या, जाळीचं दार, मग हॉल, हॉलच्या टोकाला स्वयंपाकघर आणि मागं धुण्याची मोरी. एवढ्या घरात एक कुत्रा मजेत राहतो. पार्किंगमधून त्याला गल्ली दिसते, दुपारी हॉलच्या फरशीचा गारवा मिळतो, संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात बसता येतं. दुसरा कुत्रा आला की तेच घर त्याच्यासाठी एकदम अरुंद होतं. माणसांना ते जाणवत नाही, कारण माणसं घर चौरस फुटांत मोजतात. कुत्रा ते वाटांनी मोजतो. आत कुठून येता येतं, बाहेर कुठून निसटता येतं, आणि मधल्या चिंचोळ्या जागी कोण आडवं पडलंय.

छत्रपती संभाजीनगरात घरात दुसरा कुत्रा येण्याच्या वाटा तशा ठरलेल्या आहेत. खुलताबादहून परतताना दौलताबादच्या घाटाखाली धाब्यामागं पिलू सापडतं आणि मुलं ते मांडीवर घेऊनच गाडीत बसतात. वाळूजच्या कंपनीतून कुणाची बदली होते आणि त्यांचा लॅब्रॅडॉर शेजाऱ्यांकडं येतो. लेक पुण्यात नोकरीला लागते, तिथं कुत्रा पाळते, मग रूम बदलावी लागते आणि एका शनिवारी तो कुत्रा आई-वडिलांच्या दारात उभा असतो. सगळ्यात मोठी आवक मात्र गल्लीतूनच. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांची पिलं बहुतेक हिवाळ्यात जन्मतात. दिवाळी ते संक्रांत या काळात प्रत्येक कॉलनीत रिकाम्या प्लॉटवर, वाळूच्या ढिगाऱ्याआड चार-सहा पिलं वळवळत असतात आणि त्यातलं एखादं कुणाच्या तरी फाटकाच्या आत येतं.

घरात आधीचा एक असतोच. त्याला मोती म्हणू, कारण काहीतरी म्हणायला हवं. घरच्यांचं म्हणणं असतं, "मोतीला सोबत होईल." मोतीला कुणी विचारलेलं नसतं. त्याला सोबत असते ती घरातल्या माणसांची, फाटकापलीकडच्या ओळखीच्या कुत्र्यांची आणि रोज ठरल्या वेळी येणाऱ्या दूधवाल्याची. नव्या पाहुण्याकडून त्याला पहिल्या दिवशी मिळते ती फक्त कपात. जागेत, वासांत, पोळीत आणि काकूंच्या लक्षात.

गुलमंडी, औरंगपुरा, बेगमपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण कुत्रं उंबऱ्याच्या आत येतच नसे. त्याच्यासाठी ओटा होता, अंगण होतं, मागं परसू होतं. नवं पिलू परसात राही, जुनं ओट्यावर, आणि मध्ये सगळा वाडा. तुकड्याच्या वेळी दोघं एकमेकांना लांबून बघत. एक पुढं सरकला तर दुसऱ्याला मागं सरकायला जागा असे. काही आठवड्यांनी दोघं हिवाळ्याच्या उन्हात एकाच पट्ट्यात झोपलेले दिसत, आणि आपण काही केलं असं घरात कुणालाच वाटत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गायची गरज नाही. त्या काळी किती पिलं मेली याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडं रस्त्यावरच्या पिलांची अशी मोजदाद केली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साधारण सात महिन्यांच्या, म्हणजे वयात येण्याच्या टप्प्यापर्यंत जगलेली पिलं होती फक्त 19 टक्के, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंमागं या ना त्या रूपात माणूस होता. वाडा दयाळू नव्हता. त्याच्याकडं अंतर होतं, एवढंच. रो-हाऊसमध्ये आणि फ्लॅटमध्ये ते अंतर राहिलेलं नाही, त्यामुळं ते आता माणसाला हातानं तयार करावं लागतं. नव्या-जुन्या कुत्र्यांचं जमवण्याची जी काही विद्या आहे, ती बहुतांशी एवढीच.

गल्लीतली कुत्री ही विद्या कुणाकडून शिकत नाहीत. टी. व्ही. सेंटरपासून शहागंजपर्यंत कुठंही पाहा, परकं कुत्रं गल्लीच्या तोंडाशी आलं की आधी एक भुंकतं, मग चार धावतात, परकं शेपूट पायांत घालून तिरकं वळतं, आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथंच मिटतं. दात लागण्याआधी संपणारी भांडणंच जास्त. परकं चिवट असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, थोडं आत येऊन बसतं, अंग चोरून, तोंड दुसरीकडं करून. काही दिवसांनी चहाच्या टपरीशी सगळ्यांच्या मागं त्यालाही बिस्किटाचा तुकडा मिळू लागतो. रोमच्या बाहेर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांवर रोबेर्तो बोनान्नी आणि सिमोना काफाझो यांनी काम केलं. दोन टोळ्या समोरासमोर आल्या की कुत्री समोरच्यांच्या संख्येचा अंदाज घेतात आणि आपली बाजू कमी भरत असेल तर मागं हटतात, असं त्यात दिसलं. मागं हटता येणं, हा त्यातला कळीचा भाग. घरातल्या हॉलमध्ये नव्या पिलाला नेमकं तेवढंच करता येत नाही. मागं सोफा असतो, बाजूला टीपॉय, आणि पुढं मोती.

गेली दोन-तीन वर्षं वर्तमानपत्रांत मोकाट कुत्र्यांचा जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशीही जुनं कुत्रं आणि नवं कुत्रं हीच गोष्ट आहे. 2001 च्या नियमांत आणि त्यांच्या जागी 10 मार्च 2023 रोजी आलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तत्त्व एकच. कुत्रं पकडावं, नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी आणि जिथून उचललं तिथंच सोडावं. त्यामागचा एक हिशेब असा की जागा रिकामी केली तर शेजारच्या भागातलं, लस न घेतलेलं कुत्रं तिथं येतं आणि भांडणं नव्यानं सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला आणि परत न सोडायला सांगितलं. 22 ऑगस्टला मोठ्या पीठानं ते बदललं आणि रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळून बाकीची नसबंदी-लसीनंतर मूळ जागी सोडण्याचं तत्त्व कायम केलं. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवून तिथं परत न सोडण्याचा आदेश आला. हलवलेली कुत्री जिथं ठेवली जातील, तिथं आधीची कुत्री असतीलच. त्यांचं एकमेकांशी कसं जमवायचं, यावर चर्चेत फारसं कुणी बोललं नाही.

घरातल्या गोष्टीकडं वळायचं तर पहिलं काम स्वभावाचं नसून दवाखान्याचं आहे. बाहेरून आलेल्या कुत्र्याला आल्या आल्या जुन्याच्या तोंडाशी नेऊ नये. साधारण दोन आठवडे वेगळं ठेवावं, असं पशुवैद्य सांगतात. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत, पायताणांना चिकटून महिनोन् महिने टिकतो. लसीकरण न झालेल्या पिलाला तो झाला तर रक्ताच्या जुलाबांनी ते दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. साध्या फिनेलनं तो मरत नाही, ब्लीच लागतं, आणि मग धुवायला पाणी. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात आजार घरात शिरू न देणंच परवडतं. पिलाची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस चालतात, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. गोचिडांकडं बारीक लक्ष हवं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भिंतींच्या फटींतसुद्धा गोचीड सापडते, आणि तिच्यामुळं होणाऱ्या तापात कुत्रं सुस्त, चिडचिडं होतं. ते अंगावर येतंय म्हणून स्वभावाला दोष देण्याआधी रक्त तपासून घ्यावं. खडकेश्वरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्री-मांजरं घेऊन उभी असलेली माणसं रोज दिसतात. शहरात खासगी दवाखानेही आता भरपूर आहेत.

हे दोन आठवडे वाया जात नाहीत. पिलू मागच्या मोरीजवळ किंवा वरच्या खोलीत, मोती नेहमीच्या जागी, आणि मध्ये बंद दार. या काळात दोघांची ओळख नाकानं होते. पिलाच्या अंगाखालची गोधडी मोतीच्या जागेजवळ टाकायची आणि मोतीची पिलाकडं. आधी थोड्या अंतरावर, त्याला हवं तर जाऊन हुंगेल अशी. तो हुंगतो, फुरफुरतो, कधी तिच्यावर लघवीही करतो. करू द्यावी. त्याच वेळी त्याला पोळीचा तुकडा द्यावा. हा वास आला की काहीतरी चांगलं मिळतं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं झालं की पुढची निम्मी कटकट वाचते.

भेटीची जागा घराबाहेरची हवी. सगळी पुस्तकं सांगतात, दोघांनाही परक्या अशा मोकळ्या जागी न्या. पुस्तकं जिथं लिहिली जातात तिथं अशा जागा असतात. इथं कॉलनीच्या ओपन स्पेसवर आधीच चार कुत्र्यांचा मुक्काम असतो. आमखास मैदानावर असतो, विद्यापीठामागून लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर असतो, सातारा परिसरात डोंगराच्या पायथ्याशीही असतो. मोती आणि पिलू एकमेकांना भेटायचे राहतात आणि दोघं मिळून तिसऱ्याच टोळीला तोंड देतात. (यातून त्यांची दोस्ती झाल्याचं सांगणारे लोक भेटतात. ऐकायला बरं वाटतं, पण हा डाव मुद्दाम खेळू नये.) उपाय वेळेचा आहे. पहाटे आणि संध्याकाळी गल्लीतली कुत्री फिरतीवर असतात. हिवाळ्यात दहा-अकराच्या सुमारास ती उन्हात पसरलेली असतात, उठायचा कंटाळा करतात. तेव्हा एखादा रुंद, कमी रहदारीचा रस्ता गाठावा. मे महिन्यात ही वेळ चालणार नाही. पारा चाळिशीपार गेला की डांबरावर कुत्र्याचे पाय भाजतात. एप्रिलपासून पहाटच गाठायची, आणि सोबत तिसरा माणूस ठेवायचा, बाहेरच्या कुत्र्यांना लांब ठेवण्यापुरता.

भेट म्हणजे समोरासमोर आणून "हं, हा बघ तुझा भाऊ" असं करायचं नाही. माणसं एकमेकांकडं सरळ चालत जाऊन नमस्कार करतात. कुत्र्यांमध्ये सरळ चालत येणं, डोळ्यांत डोळे घालणं, ही भांडणाची सुरुवात असते. म्हणून दोन माणसांनी दोन कुत्रे घेऊन एकाच दिशेनं, रस्त्याच्या दोन बाजूंनी चालायला लागावं. मध्ये दहा-पंधरा पावलांचं अंतर. पट्टा ढिला. हे सगळ्यात अवघड, कारण माणूस घाबरला की आधी पट्टा आवळतो. पट्टा ताणला की कुत्र्याची छाती पुढं येते, मान वर होते, आणि समोरच्याला तो उगाच दांडगा दिसतो. आवळलेल्या पट्ट्यातून मालकाची भीती थेट कुत्र्यापर्यंत जाते. चालत राहिलं की दोघं आपापलं हुंगू लागतात, एकानं खांबाशी पाय वर केला की दुसरा तिथं जाऊन वाचतो. मग अंतर हळूहळू कमी करावं, पण एका दिवसात सगळं नाही. नाकाला नाक लागलं तर दोन-तीन सेकंदांत हाक मारून पुढं न्यावं. पहिल्या भेटी छोट्याच असाव्यात, आणि दोघं निवांत असतानाच संपवाव्यात.

या वेळी बघायचं काय? नॉर्वेच्या ट्युरिड रुगास यांनी कुत्र्यांच्या शांत करणाऱ्या खुणांवर छोटं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर पोचलं. तोंड बाजूला वळवणं, नाक चाटणं, जांभई, जमीन हुंगत राहणं, समोरून न येता वळसा घेऊन येणं, या सगळ्याचा रोख एकच. मला भांडायचं नाही. मोतीनं अशी खूण केली आणि पिलानं ती ओळखली, तर काम मार्गी लागलं. उलट अंग ताठ, तोंड बंद, कान पुढं, नजर रोखलेली आणि हालचाल एकदम थांबलेली असेल, तर शेपूट हलत असली तरी फसू नये. बारी विद्यापीठात आंजेलो क्वारान्ता आणि सहकाऱ्यांनी 2007 साली कुत्र्यांच्या शेपटीची चित्रफीत मोजून दाखवलं की मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडं जास्त झुकते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडं. घाईगर्दीत कुणी डावं-उजवं मोजत बसणार नाही, पण शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हे गणित तेवढ्यावरून सुटत नाही.

नवं पिलू असेल तर मोती त्याच्यावर गुरगुरणार. ते कान चावतं, शेपूट ओढतं, झोपेत अंगावर चढतं. तो एकदा गुरगुरतो, दुसऱ्यांदा दात दाखवतो, तिसऱ्यांदा हवेत चावा घेतो. पिलू किंचाळत पळतं, आणि घरातलं कुणीतरी मोतीला रट्टा देतं. तो रट्टा चुकीच्या माणसाला पडतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत अनेक वर्षं पिलं वाढवून पाहिली. 1965 साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात पिलाच्या सामाजिक शिक्षणाचा कळीचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा आहे. पायरी कुठं ओलांडू नये, हे त्या वयात मोठं कुत्रं जितकं नीट शिकवतं तितकं माणूस शिकवू शकत नाही. गुरगुरणाऱ्याला प्रत्येक वेळी मारलं तर तो गुरगुरणं सोडतो आणि थेट चावतो. तेव्हा लोक म्हणतात, "लई शांत होता वो, अचानक काय झालं?" अचानक काही झालेलं नसतं. त्याची आधीची तीन वाक्यं आपणच बंद केलेली असतात.

घरात आणताना दार हा सगळ्यात नाजूक बिंदू. मोती फाटकाच्या आत उभा आणि पिलू बाहेरून येतंय, अशी गाठ पडू देऊ नये. तो राखणदार आहे, त्याला दुसरी भूमिका माहीत नाही. दोघांना फिरवून एकत्र आणावं, किंवा अनेक प्रशिक्षक सुचवतात तसं नव्याला आधी आत नेऊन सोडावं आणि जुन्याला मागून आणावं. मोती मग आलेल्याला अडवत नाही, आत असलेल्याला शोधतो, आणि त्या दोन्हींत फार फरक आहे. त्याआधी हॉलमधून चेंडू, दोऱ्या, अर्धवट चघळलेली चप्पल, सगळं उचलून ठेवलेलं असावं.

जाळीचं दार या कामात सोन्याचं. डास अडवायला बसवलेलं हे दार दोन कुत्र्यांना एकमेकांना दिसू देतं, हुंगू देतं आणि चावू देत नाही. पहिले काही दिवस दोघांचे तास वाटून द्यावेत. एक हॉलमध्ये असताना दुसरा जाळीपलीकडं. दुपारी माणसं झोपली की दोघं वेगळे. कुणी घरी नसताना तर अजिबात एकत्र नाही, आणि हा नियम महिनाभर तरी मोडू नये. परदेशातले प्रशिक्षक नव्या कुत्र्यासाठी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. तीन दिवसांत घाबरणं कमी होतं, तीन आठवड्यांत घराची घडी कळते, तीन महिन्यांत आपलं वाटू लागतं. ठोकताळाच आहे, नियम नव्हे. तरी चौथ्या दिवशी निराश होणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

खाणं वेगळ्या खोल्यांत. समोरासमोर दोन ताटल्या ठेवून "बघा कसे शहाण्यासारखे खातायत" असं पाहुण्यांना दाखवण्याचा मोह टाळावा. जो आधी संपवतो तो दुसऱ्याच्या ताटलीकडं वळतो. पाण्याची भांडी दोन, लांब लांब. आणि रविवारचं मटण. मराठवाड्यातल्या किती घरांत दोन कुत्र्यांचं पहिलं रक्त रविवारी दुपारी सांडलं असेल, कुणी मोजलेलं नाही, पण नळी ही पोळीसारखी नसते. तिच्यासाठी एरवी गरीब असलेलं कुत्रंही उभं राहतं. शिजलेली हाडं तशीही देऊ नयेत, ती फुटून घशात-आतड्यात रुततात. दोन कुत्र्यांच्या घरात तर मुळीच नाहीत.

उरली माणसाची मांडी. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात निकोलस डॉडमन आणि सहकाऱ्यांनी एकाच घरात राहून भांडणाऱ्या 38 जोड्यांचा अभ्यास केला. 2011 साली तो प्रसिद्ध झाला. भांडणाची कारणं पाहिली तर मालकाचं लक्ष, खाणं, आणि कुणी आलं-गेलं की होणारी गडबड हीच पुन्हा पुन्हा पुढं आली. साधारण पाचात चार जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, आणि नरांपेक्षा माद्या कमी भांडतात या समजाला त्यात काही आधार मिळाला नाही. घरात कुत्री असेल तर दुसरा नर आणावा, नर असेल तर मादी, दोघांची नसबंदी करून, हा जुना सल्ला अजूनही बरा. भांडण सुरू करणारा बहुतेक वेळा नवा किंवा लहान वयाचा होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं. आपल्याकडं आधी जुन्यालाच खलनायक ठरवलं जातं.

मग मान कुणाला द्यायचा? जुन्याला आधी ताटली, आधी पट्टा, आधी कुरवाळणं, की जो दांडगा तो पुढं? या प्रश्नावर घरोघरी ठाम मतं ऐकायला मिळतात आणि त्यात 'अल्फा', म्हणजे कळपाचा पुढारी, हा शब्द हमखास येतो. या कल्पनेचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या निरीक्षणांत आहे, आणि ती निरीक्षणं बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकानं ती जगभर पोचवली. पुढं याच मेक यांनी कॅनडाच्या एल्झमिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 साली लिहून टाकलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथं कुणी लढून पुढारी झालेला नसतो. घरातला मान ठरवायला कुत्र्याला पाठीवर पाडणं, तोंडावर ओरडणं, याला त्यानंतर काही आधार उरत नाही. कोंडलेल्या लांडग्यांतली मारामारी ही कोंडण्याची गोष्ट होती. जुन्याची दिनचर्या मोडू नये, एवढं मात्र मला पटतं. तो सकाळी दादांसोबत दूध आणायला जात असेल तर तो जातच राहावा, एकटा, पिलाशिवाय. हा मान नाही. बदलत्या घरातली एक न बदललेली गोष्ट आहे. आणि जुना नऊ-दहा वर्षांचा असेल, कंबर धरलेली असेल, तर त्याच्याशी खेळायला म्हणून उड्या मारणारं पिलू आणावं का, याचा विचार पिलू आणण्याआधी करावा. सांधेदुखीतला कुत्रा रागीट नसतो, त्याला दुखत असतं.

आपल्याकडं दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. चारही वेगळ्या रंगांची, गाईजवळ, एकमेकांच्या अंगाला अंग लावून, आणि एकाच्याही मानेवरचे केस उभे नाहीत. चित्रकाराचं बरं असतं. शहराच्या सातारा परिसरातल्या खंडोबाच्या देवळाकडं गेलात तर कुत्र्यांना हुसकावायला कुणी धजत नाही, खंडोबाचे सोबती म्हणून. तिथं मात्र तुकड्यावरून गुरगुर ऐकू येते, आणि ती ऐकून बरंच वाटतं. देवाच्या दारातही अंतर ठेवूनच निभतं.

माणसांच्या जगात अनेक कुत्र्यांना एका छताखाली नांदवण्याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण मुंबईत आहे. टाटा समूहाच्या 'बॉम्बे हाऊस'मध्ये परिसरातल्या भटक्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं मुक्त प्रवेश होता. 2018 मध्ये इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा तळमजल्यावर त्यांच्यासाठी खास जागाच केली गेली. तिथल्या कुत्र्यांतला 'गोवा' रतन टाटांचा लाडका होता. गोव्यात तो पिलू असताना गाडीत शिरला आणि थेट मुंबईत पोचला, म्हणून हे नाव. एका दिवाळीत त्याच्यासोबतचं छायाचित्र टाटांनी समाजमाध्यमावर टाकलं होतं. 9 ऑक्टोबर 2024 रोजी टाटा गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी अंत्यदर्शनाला गोव्यालाही आणलं होतं. परगावचं एक पिलू तिथल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत कसं मिसळलं, याचं कौतुक करताना इमारत विसरू नये. तिथं कुत्र्याला उठून दाराबाहेर जाता येत होतं. फोर्टचे फुटपाथ हेच त्याचं अंगण होतं. आपल्याला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूममध्ये हे जमवायचं असतं.

सगळी काळजी घेऊनही जुंपते. तेव्हा मध्ये हात घालू नये. मालकाला अनेकदा याच क्षणी चावे होतात, आणि चावणारा आपलाच, न बघता चावलेला. पाण्याची बादली, मोठा आवाज, मध्ये ढकललेली खुर्ची किंवा घडीची गादी, यातलं जे हाताशी असेल ते वापरावं. दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी एकेकाचे मागचे पाय धरून मागं ओढावं आणि लगेच वेगळ्या खोल्यांत बंद करावं. चावा माणसाला लागला तर घर झाडण्याआधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि घाटी रुग्णालय गाठावं. नवा कुत्रा रस्त्यावरून आलेला असेल तर हे टाळणं म्हणजे जिवाशी खेळ. कुत्र्यांच्या जखमांवर हळद लावून थांबू नये. दातांच्या खुणा बाहेरून टोचल्यासारख्या दिसतात, आत पू धरतो.

वारंवार रक्त निघत असेल, किंवा एक सारखा कोपऱ्यात, खाटेखाली, खाणं सोडून बसत असेल, तर काही घरं आलटून-पालटून पद्धतीवर कायमची जगतात. एक आत, एक बाहेर, दारं मोजून. त्याला माणसांची फार शिस्त लागते. ती नसेल तर नव्यासाठी दुसरं घर शोधणं हा वाईट निर्णय नाही. वाईट असतो तो महिनाभरानं त्याला गाडीत घालून चिकलठाण्याच्या पुढं सोडून येण्याचा. तिथं त्याला पुन्हा कुणाच्या तरी गल्लीच्या तोंडाशी, शेपूट पायांत घालून, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण देणाऱ्या 1960 च्या कायद्यानं तो गुन्हाही आहे.

दिवाळी आली की फटाके सुरू होतात. शेजारच्या नेपाळात नरक चतुर्दशीच्या सुमारास कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, कपाळी टिळा लावतात. आपल्याकडं त्याच दिवशी पहाटेपासून ती सैरभैर पळत असतात. हद्द विसरून दोन-तीन वस्त्या ओलांडलेलं एखादं कुत्रं लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुमच्या पार्किंगमध्ये, गाडीखाली सापडू शकतं. ते तुम्ही निवडलेलं नसतं आणि मोतीनं तर नक्कीच नाही. त्या रात्री दोघांची ओळख करून देऊ नका. मोतीलाही आवाजानं कापरं भरलेलं असतं, आणि घाबरलेली दोन कुत्री एकमेकांवरच तुटून पडतात. मोतीला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा-टीव्ही चालू ठेवून बसवा. पाहुण्याला गाडीखालीच पाणी आणि दूध-भाकरी सरकवा, हात लावू नका, फाटकाला कडी असू द्या, पण गल्लीकडची फट बुजवू नका. त्याला जायचं असेल तर जाता यावं. सकाळी गळ्यात पट्टा आहे का पाहा, आसपास विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका, कारण कुणीतरी त्याला शोधत असण्याची शक्यता मोठी. कुणी आलं नाही आणि ते पाडव्यानंतरही गाडीखालीच राहिलं, तर आधी दवाखाना, मग मागची मोरी, बंद दार आणि दोन गोधड्या. पहिली फेरी तुळशीच्या लग्नानंतर, उन्हं वर आल्यावर, रस्त्याच्या दोन बाजूंनी.